बुधवारी संध्याकाळी ट्रॅकवर कोण येते?

वाचकाचे पत्र : कराडजवळ महामार्गाला लागून आमची वडिलोपार्जित जमीन आहे. तिथे दोन वर्षांपूर्वी दिवाळीत मी साडेचारशे मीटरचा गो-कार्टिंगचा, म्हणजे शर्यतीच्या छोट्या, बुटक्या गाड्या (कार्ट) चालवण्याचा, ट्रॅक सुरू केला. होंडाच्या जीएक्स २०० इंजिनाच्या दहा कार्ट घेतल्या. दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यात गर्दी असते, रविवारीही रांग लागते. पण सोमवार ते शुक्रवार ट्रॅक जवळजवळ रिकामाच असतो. दहापैकी सहा-सात कार्टच एका वेळी चालू असतात. नेहमी येणारी मुले चार नंबरची गाडी मिळावी म्हणून भांडतात, ती मिळाली नाही तर परत जातात. माझा चुलत भाऊ म्हणतो की दोन इंजिनांच्या वेगवान कार्ट आण, शेजारी बुल राइड आणि बंजी ट्रॅम्पोलिन टाक, म्हणजे गर्दी वाढेल. त्यासाठी कर्ज काढावे लागेल. वडील म्हणतात की हे सगळे बंद करून तिथे लग्नाचे लॉन कर. मी काय करावे? — एक वाचक, जि. सातारा

सप्रेम नमस्कार,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यावर थांबलो. नेहमी येणारी मुले चार नंबरच्या गाडीसाठी भांडतात, हे तुम्ही तक्रार म्हणून लिहिले आहे. मला मात्र तुमच्या पत्रातली सर्वांत आशादायक गोष्ट तीच वाटते. ज्याला फक्त मजेसाठी चार फेऱ्या मारायच्या असतात, त्याला गाडीचा नंबर आठवत नाही. नंबरासाठी भांडणारा मुलगा स्वतःची वेळ मोजत असतो, मागच्या खेपेपेक्षा पुढे जाऊ पाहत असतो आणि दुसरी गाडी मिळाल्यास आपण हरू हे त्याला ठाऊक असते. म्हणजे तुमच्या ट्रॅकवर खेळाडू तयार होऊ लागले आहेत आणि तुम्ही अजून तो जत्रेतल्या पाळण्यासारखा चालवत आहात. पाळण्याला रोज नवे गिऱ्हाईक लागते. तालमीला तीच माणसे रोज यावी लागतात, आणि कराडसारख्या गावात दुसऱ्या पद्धतीनेच ट्रॅक टिकू शकतो, कारण महामार्गावरून जाणारा प्रवासी एकदा थांबतो आणि पुढच्या वेळी त्याला थांबण्याचे कारण उरत नाही.

म्हणून चुलत भावाच्या सूचनेविषयी आधी स्पष्ट सांगतो : दोन इंजिनांच्या कार्ट आणू नका. तुमचा ट्रॅक, त्याच्या कडेचे बॅरिअर आणि वळणांबाहेरची मोकळी जागा ही सध्याच्या वेगासाठी बांधलेली आहे. ताशी ४० किलोमीटरऐवजी ६० किलोमीटरने गाडी आदळली, तर वेग दीडपट असला तरी धडकेतील ऊर्जा सव्वादोन पट होते आणि थांबायला लागणारे अंतरही त्याच प्रमाणात वाढते. शिवाय दोन प्रकारच्या कार्ट एकाच वेळी ट्रॅकवर सोडता येत नाहीत, म्हणजे रविवारच्या रांगेत वेगवान गाड्यांसाठी साध्या गाड्या थांबवाव्या लागतील. वेग वाढवण्यासाठी तुमच्या मिस्त्रीने इंजिनाच्या गव्हर्नरला (फेऱ्या मर्यादेत ठेवणाऱ्या भागाला) हात लावला असेल तर तो पूर्ववत करून घ्या. हे इंजिन मिनिटाला साधारण ३६०० फेऱ्यांच्या आसपास काम करण्यासाठी बनवलेले आहे. गव्हर्नर काढला की गाडी काही दिवस जोरात पळते आणि मग एखाद्या रविवारी भर गर्दीत कनेक्टिंग रॉड तुटून इंजिनाचा ब्लॉक फुटतो.

आता हिशेब पाहू. तुमच्याकडे दहा कार्ट आहेत आणि सहा-सात चालतात. रविवारी रांग लागलेली असताना तीन-चार गाड्या शेडमध्ये उभ्या आहेत, म्हणजे वर्षातल्या ज्या मोजक्या दिवसांत पैसे मिळायचे, त्याच दिवसांत तुमची तीन-चार दशांश कमाई शेडमध्ये अडकून पडते. कर्ज काढून नव्या गाड्या घेण्याआधी या तीन-चार गाड्या उभ्या का राहतात, हे शोधणे कितीतरी स्वस्त आहे. तुम्ही त्यांविषयी काही लिहिले नाही, पण प्रत्येक गाडीची स्वतंत्र वही नसावी असा माझा अंदाज आहे. ती आजच सुरू करा आणि प्रत्येक इंजिनावर तास मोजणारे छोटे मीटर बसवा. जीएक्स २०० मध्ये जेमतेम ०.६ लिटर तेल मावते. नव्या इंजिनाचे तेल पहिल्या २० तासांनंतर आणि पुढे दर १०० तासांनी बदलावे, असे कंपनीच्या पुस्तिकेत दिलेले असते. मात्र भाड्याच्या कार्टमध्ये इंजिन सतत पूर्ण थ्रॉटलवर असते आणि आपल्याकडे उसाच्या वाहतुकीच्या दिवसांत हवेत धूळही भरपूर असते, त्यामुळे मी तेल ५० तासांनी बदलायला सांगेन आणि एअर फिल्टर तर आठवड्याला उघडून पाहायला सांगेन. एवढ्याशा तेलाचा खर्च वाचवून कोणाचेही इंजिन टिकलेले नाही.

गाड्या चालू होणे हे अर्धे काम झाले. उरलेले अर्धे काम त्या सारख्या करण्याचे आहे, आणि माझ्या मते तुमच्या धंद्याचे भवितव्य त्यावरच अवलंबून आहे. चार नंबरची गाडी जादूची नाही. ती वेगवान असण्याची कारणे शोधली तर सापडतात, आणि ती बहुधा इंजिनाबाहेरच असतात. एका सकाळी, गिऱ्हाईक येण्याआधी, प्रत्येक गाडीची मागची चाके स्टँडवर उचला आणि हाताने एक झटका देऊन फिरवा. चांगल्या गाडीचा ॲक्सल (मागच्या चाकांचा दांडा) मोकळा फिरत राहील. वाईट गाडीचा एका फेरीत थांबेल, कारण ब्रेकचे पॅड डिस्कला घासत असतील किंवा बेअरिंगमध्ये धूळ गेलेली असेल. मग चेन पाहा : मधोमध बोटाने दाबल्यावर ती एक-सव्वा सेंटीमीटर हलली पाहिजे; फार ताणलेली चेन गाडीची ताकद खाते आणि सैल चेन स्प्रॉकेटचे (चेनच्या दातेरी चाकाचे) दात. चेन आणि मागचा स्प्रॉकेट एका रेषेत आहेत का, हे चेनच्या बाजूने डोळा लावून पाहिले तरी कळते. टायरमधली हवा सर्व गाड्यांत एकाच गेजने, टायर थंड असताना मोजा. आणि टायर बदलताना एका गाडीचे बदलू नका, सगळ्यांचे एकदम बदला. झिजलेल्या टायरचा परीघ कमी असतो, त्यामुळे गिअरचे प्रमाणही बदलते आणि पकडही, आणि मग नवी टायर असलेली गाडी कोणती हे मुलांना पहिल्याच वळणावर कळते.

हे सगळे झाल्यावर एकाच माणसाला सर्व दहा गाड्या चालवायला द्या. इंजिन गरम झाल्यावर प्रत्येक गाडीत पाच फेऱ्या, आणि त्यातल्या सर्वांत चांगल्या तीन फेऱ्यांची सरासरी. तुमच्या लांबीच्या ट्रॅकवर एक फेरी साधारण ३६-३७ सेकंदांची असायला हवी. दहा गाड्यांमधला फरक तीन-चार दशांश सेकंदांच्या आत आला म्हणजे तुम्ही जिंकलात. एक सेकंदाचा फरक असेल तर त्या गाडीत चालकाच्या कौशल्याला काही किंमत उरत नाही. हा तक्ता दर आठवड्याला करा आणि तिकीट खिडकीशेजारी भिंतीवर लावा. गिऱ्हाइकाला गाड्यांच्या वेळा उघडपणे दाखवणारा ट्रॅकमालक मला फार भरवशाचा वाटतो. शर्यतीच्या दिवशी गाड्या चिठ्ठ्या टाकून द्या, म्हणजे भांडणाला जागाच राहणार नाही.

वजनाचा प्रश्न मुले लवकरच उपस्थित करतील, आणि तो योग्य आहे. साडेसहा अश्वशक्तीच्या आसपासच्या इंजिनाला ५५ किलोचा मुलगा आणि ९० किलोचा गृहस्थ सारखे नसतात. भाड्याच्या कार्टच्या संघटित शर्यतींमध्ये हलक्या चालकांच्या गाडीला वजन जोडण्याची पद्धत रुळलेली आहे. सीटच्या बाजूला बोल्टने घट्ट बसणारी पेटी आणि पाच-पाच किलोच्या लोखंडी पट्ट्या एवढ्यात तुमचे काम भागेल. पट्ट्या सैल ठेवू नका, इतकेच.

आता बुधवार, म्हणजे आठवड्याच्या मधला तुमचा रिकामा दिवस. तुमच्याकडे वेळ मोजण्याची कोणती सोय आहे, हे पत्रात नाही. मोबाइलच्या स्टॉपवॉचवर काम चालले असेल, तर कर्जाचा विचार आधी इथे करा. ट्रॅकच्या डांबरात आडवी बारीक खाच पाडून त्यात तारेचा लूप पुरायचा आणि प्रत्येक गाडीवर ट्रान्सपाँडर (गाडीची ओळख लूपला कळवणारे छोटे यंत्र) बसवायचा, अशी ही व्यवस्था असते. गाडी वरून गेली की वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत नोंदली जाते. सेशन संपल्यावर प्रत्येकाच्या हातात त्याच्या सगळ्या फेऱ्यांच्या वेळा छापलेला कागद द्या आणि तोच व्हॉट्सॲपवरही पाठवा. तो कागद घरी जातो, मित्राला दाखवला जातो, आणि पुढच्या आठवड्यात त्याच्यापेक्षा दोन दशांश कमी करायला माणूस परत येतो. बुल राइडकडून असा कागद मिळत नाही.

त्यावर बुधवारची लीग उभी करा. आठवड्याच्या मधल्या दिवशी संध्याकाळी सात वाजता, बारा-पंधरा चालक, पात्रता फेरी आणि दोन शर्यती, प्रत्येक वेळी चिठ्ठीने मिळालेली वेगळी गाडी, आणि गुणांचा तक्ता तीन महिने चालणारा. पैसे महिन्याचे आगाऊ घ्या, म्हणजे पावसाने किंवा आळसाने गळती होणार नाही. वजनावरून दोन गट करा. स्त्रियांसाठी वेगळा दिवस ठेवण्याचा मोह आवरा. लीगमध्येच त्यांचे स्वागत करा आणि पहिल्या महिन्यात त्यांना वळण कसे घ्यायचे ते शिकवणारा माणूस सोबत द्या. कराडला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, पलीकडे ईश्वरपूरच्या (पूर्वीच्या इस्लामपूरच्या) राजारामबापू इन्स्टिट्यूटमध्ये शेकडो मुले यंत्र अभियांत्रिकी शिकतात. देशातील अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वतः कार्ट बांधून आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांना नेतात आणि त्यांना गाडी चाचणीसाठी चालवायला मोकळा ट्रॅक मिळत नाही. सोमवारी दुपारी तुमचा रिकामा ट्रॅक त्यांना माफक भाड्याने द्या. त्यातले दोघे-तिघे तुमच्याकडे रविवारी मार्शल (ट्रॅकवर लक्ष ठेवून झेंडे दाखवणारे) म्हणून उभे राहतील, आणि त्यांना कार्टला डिफरन्शिअल (मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) का नसते, वळताना आतले मागचे चाक किंचित उचलले का जावे लागते, हे ठाऊक असल्यामुळे ते नव्या चालकाला चार वाक्यांत नीट समजावतीलही.

लीगमधून दोन-तीन लहान मुले खरोखर वेगवान निघतील, तेव्हा त्यांच्या पालकांना पुढचा रस्ता सांगता आला पाहिजे. भारतात मोटरस्पोर्टचे नियमन एफएमएससीआय (फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया) करते आणि स्पर्धेचा परवाना तीच संस्था देते. तुमच्यापासून दीड-दोन तासांवर, कोल्हापूरजवळच्या मोहिते रेसिंग अकादमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय रोटॅक्स (शर्यतीच्या कार्टची इंजिने बनवणारी कंपनी) कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झालेल्या आहेत. रोटॅक्सच्या १२५ सीसीच्या टू-स्ट्रोक कार्टचा तुमच्या भाड्याच्या गाडीशी वेगात काहीही संबंध नाही, पण वळणाआधी नजर कुठे ठेवायची आणि ब्रेक कधी सोडायचा, हे दोन्हीकडे सारखेच शिकावे लागते. मुंबईचा जेहान दारूवाला कार्टिंगमधूनच वर गेला आणि २०२० मध्ये बहरीनच्या साखीर येथे फॉर्म्युला टूची (फॉर्म्युला वनच्या खालच्या पायरीची) शर्यत जिंकणारा पहिला भारतीय ठरला. फॉर्म्युला वनचा सात वेळा विश्वविजेता ठरलेल्या मायकेल शूमाखरचे वडील गवंडीकाम करणारे होते. जर्मनीतल्या केर्पेन गावच्या कार्ट ट्रॅकची देखभाल ते करत आणि आई तिथल्या उपाहारगृहात काम करत असे. हे तुम्हाला मुद्दाम लिहितो, कारण लहान गावातला साधा ट्रॅक काय करू शकतो याविषयी तुमच्या मनात न्यूनगंड नसावा.

सुरक्षिततेविषयी मी थोडा कठोर होणार आहे. २०१८ मध्ये हरियाणातील पिंजोर येथे आणि २०२० मध्ये हैदराबादजवळ गो-कार्ट चालवायला गेलेल्या दोन तरुण स्त्रियांचे केस गाडीच्या फिरत्या भागात अडकून मृत्यू झाले. दोघी सहज फिरायला आलेल्या होत्या. असा अपघात पूर्णपणे टाळता येतो, म्हणून तो घडू देण्याला माफी नाही. ॲक्सल, चेन आणि इंजिनावर सीटच्या मागून पूर्ण झाकण असल्याशिवाय एकही गाडी बाहेर काढू नका. लांब केस आधी बांधून, वर कापडी टोपडे घालून, मग हेल्मेटमध्ये आणि उरलेले जॅकेटच्या आत. ओढणी, स्टोल, साडीचा पदर, गळ्यातला मफलर हे सगळे लॉकरमध्ये. हे तपासण्याचे काम तिकीट देणाऱ्याला जमणार नाही. त्यासाठी पिटच्या (गाड्या जिथून सुटतात त्या जागेच्या) दारात एक माणूस, शक्यतो एक महिला कर्मचारी, फक्त एवढ्यासाठी उभी असली पाहिजे. कोणी वाद घातला तर पैसे परत द्या आणि गाडी देऊ नका. लहान मुलाला मांडीवर बसवून चालवू द्या, असा हट्ट दर रविवारी एखादे वडील धरतात. त्यांनाही नाहीच म्हणा. लहान मुलांसाठी वयापेक्षा उंचीची पट्टी ठेवा, कारण पाय पेडलपर्यंत पोहोचतो का, हाच खरा प्रश्न असतो. पिवळा, निळा, लाल आणि चौकड्यांचा हे चार झेंडे मार्शलच्या हातात असावेत, आणि त्यांचा अर्थ सेशनआधी दोन मिनिटांत, मराठीत, मोठ्याने सांगितला जावा. गिऱ्हाइकाकडून सही घेतलेल्या जबाबदारीच्या कागदावर विसंबू नका. तुमचा निष्काळजीपणा सिद्ध झाला तर तो कागद तुम्हाला वाचवणार नाही. सार्वजनिक दायित्वाचा विमा वेगळा काढा.

कागदपत्रांचे थोडक्यात. जमीन बिगरशेती झालेली आहे का, महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ खाली सार्वजनिक करमणुकीच्या ठिकाणासाठी लागणारा परवाना आहे का, ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला आहे का, हे वकिलाकडून एकदा तपासून घ्या. शेडमध्ये पेट्रोल किती साठवता, हेही पाहा : विक्रीसाठी नसलेले ३० लिटरपर्यंतचे पेट्रोल परवान्याशिवाय ठेवता येते, त्याच्या वर परवाना लागतो, आणि गर्दीच्या दिवसांत ही मर्यादा नकळत ओलांडली जाते. चालक सीटवर बसलेला असताना पेट्रोल भरणे आजपासून बंद करा. आवाजाच्या बाबतीत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्र दहाला सुरू होते, तरी तुम्ही नऊला इंजिने बंद करा आणि जवळच्या वस्तीला त्याची वेळ सांगून ठेवा. गावकऱ्यांची तक्रार पोलीस ठाण्यात जाण्याआधी तुमच्याकडे यावी, एवढा घरोबा त्यांच्याशी हवा.

पावसाळ्याचे चार महिने हा तुमचा तोटा आहे असे तुम्हाला वाटत असेल. मी त्याकडे वर्कशॉपचा हंगाम म्हणून पाहतो. ओल्या डांबरावर गुळगुळीत टायरच्या भाड्याच्या गाड्या चालवू नका. पाऊस थांबून ट्रॅक कोरडा झाला की लीग घ्या. उरलेल्या दिवसांत दोन-दोन गाड्या पूर्ण उघडा. कार्टला स्प्रिंग नसतात, सगळा धक्का चौकटीची नळीच सोसते, त्यामुळे सीटचे आधार जिथे वेल्ड केलेले असतात तिथे आणि पुढच्या चाकांच्या सांध्यांजवळ बारीक तडे जातात, जे रंगाखाली दिसत नाहीत. रंग घासून काढा, डाय पेनिट्रंटचा लाल फवारा मारा, थोड्या वेळाने पुसून वर पांढरा डेव्हलपर फवारा. तडा असेल तर पांढऱ्यावर केसासारखी लाल रेघ उमटते. दोन्ही डबे औद्योगिक वसाहतीतल्या वेल्डिंग सामानाच्या दुकानात मिळतात. अशी रेघ दिसलेली चौकट वरवर टाका मारून पुन्हा ट्रॅकवर पाठवू नका. ऑक्टोबरमध्ये, दिवाळीआधी, ट्रॅकच्या भेगा आणि वळणांवरचे उखडलेले डांबर दुरुस्त करून घ्या.

राहता राहिले वडील. त्यांची लॉनची सूचना मला गैर वाटत नाही. जमीन त्यांची आहे, दोन वर्षे त्यांनी रिकामा ट्रॅक पाहिला आहे आणि मुहूर्ताच्या दिवसांचे भाडे त्यांना हातात दिसते. त्यांच्याशी वाद घालण्याऐवजी मुदत मागा. या दिवाळीपासून पुढच्या दिवाळीपर्यंतची मुदत घ्या, नवे कर्ज फक्त वेळ मोजण्याच्या यंत्रणेपुरते काढा, आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला त्यांच्यासमोर तीन आकडे ठेवा : रविवारी दहापैकी किती गाड्या चालल्या, बुधवारी किती जण आले आणि त्यांतले किती जण त्याआधीच्या महिन्यातही आले होते. तिसरा आकडा सहा महिने सलग वाढत असेल तर मला वाटते ते स्वतःच लॉनचा विषय काढणार नाहीत. तो वाढत नसेल, गाड्या सारख्या करूनही आणि लीग नेटाने चालवूनही वाढत नसेल, तर वडिलांचे ऐका आणि कार्ट चांगल्या स्थितीत असतानाच विकून टाका.